बाबांच्या आवाजाची खुर्ची

अक्कूचं शाळेतलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते दाखल्यावरच राहिलं. आईबाबांच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ती जन्माला आली, आणि येताना आईला सळो की पळो करून आली. बाबा दातांचे डॉक्टर. त्यांनी दुपट्यातलं ते लालबुंद गाठोडं बघितलं आणि म्हणाले, "उशिरा उगवली, त्रास देऊन उगवली. अक्कलदाढच आहे ही." झालं. अक्कलदाढेची अक्कू झाली, ती आता डोक्यात पांढरे केस दिसायला लागले तरी अक्कूच आहे.

बाबांचं बोलणं हे असं. आणि धंदाही बोलणाऱ्या माणसाला हवा तसाच मिळाला. समोरचा आ वासून आडवा पडलेला, तोंडात कापूस, आरसा, लाळ ओढणारी नळी; तो बिचारा काय उत्तर देणार? बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हात त्यांचं काम करायचे आणि जीभ तिचं. विनोद रंगात आला की ते बरोबर जागेवर थांबायचे, हातातला छोटा आरसा वर धरायचे, आणि मग शेवटचं वाक्य टाकायचे. पेशंट हसायला जायचा तोवर दाढ ट्रेमध्ये पडलेली असायची. घरीही तेच. जेवायला चार माणसं बसली की बाबांचं सुरू, आणि अर्ध्या तासानं आईचं ठरलेलं वाक्य: "अहो, पुरे आता." पुरे कधी झालं नाही ती गोष्ट वेगळी.

त्याच माणसाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. जगात मुखदुर्बळ माणसं काय कमी होती, की दुखणं नेमकं याच घराचं दार शोधत आलं? यावर जास्त बोललं तर तोंडून शिवीच निघेल, तेव्हा पुढं जाऊ.

अक्कू ज्या कंपनीत आहे ती बोलक्या पाट्या बनवते. ज्याला बोलता येत नाही त्यानं पाटीवर टाइप करायचं, हिरवं बटण दाबायचं, आणि पाटी बोलते. ऑपरेशनच्या आधी अक्कूनं बाबांना जेवणाच्या टेबलाशी बसवून समोर माइक ठेवला आणि त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली. बाबा कुरकुरत होते, मधेच आपलं काहीतरी घुसडत होते, आणि आई आतून सांगत होती, "अहो, कागदावर आहे तेवढंच वाचा." ऑफिसातल्या आवाजवाल्यानं त्यावरून बाबांचा आवाज पाटीत उतरवला. इतका हुबेहूब, की पाटी पहिल्यांदा बोलली तेव्हा आई स्वयंपाकघरातून "आले, आले" म्हणत बाहेर आली आणि दारातच थबकली.

इथवर सगळं छान होतं. पण पाटी अडखळायची. दर वाक्याला नाही, मधेच, कुठंही. शब्द तुटायचा, पाटी गप्प व्हायची, मग उरलेला शब्द घाईघाईनं बाहेर यायचा. ज्याला फक्त "पाणी हवंय" एवढंच सांगायचं आहे त्याचं त्यात काही बिघडत नव्हतं. बाबांचं मात्र सगळंच बिघडत होतं.

त्यांचे एक जुने पेशंट होते, निवृत्त पोस्टमास्तर. आवाज खणखणीत, माणूस प्रेमळ. ते एकदा भेटायला आले आणि तक्रार करायला लागले, "डॉक्टर, तुम्ही बसवलेली कवळी बोलताना हलते हो." बाबांचे डोळे चमकले. अक्कू शेजारीच होती, तिला कळलं की आलं काहीतरी. बाबांची बोटं पाटीवर धावली, हिरवं बटण दाबलं गेलं, आणि पाटी म्हणाली, "कवळी बदलायची गरज ना..." आणि थांबली. पोस्टमास्तर वाट बघत राहिले. "...ही. वि... विषय ब... बदला."

पोस्टमास्तर हसले. मान डोलवून, अगदी मनापासून हसल्यासारखं हसले, आणि तिथंच तर घोटाळा झाला. लहान मुलानं गाणं म्हटलं की आपण जसं हसतो तसं ते हसू होतं. बाबांनी आयुष्यभर लोकांना हसवलं होतं, त्यांना हसण्यातला फरक कळत नसेल? पोस्टमास्तर गेल्यावर त्यांनी पाटी टेबलावर पालथी घातली. अक्कू काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी एका कागदावर लिहिलं: "उशिरा आला की तो विनोद राहत नाही. खुलासा होतो."

तेव्हापासून पाटी पालथीच. हो-नाही मानेनं, चहा हवा असला की कप पुढं. घरात इतकी शांतता झाली की आईनं दिवसभर रेडिओ लावून ठेवायला सुरुवात केली.

आणि नेमका त्याच सुमारास दवाखाना सोपवायचा दिवस ठरला. बाबांच्या हाताखाली तयार झालेल्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, तोंडभरून "सर, सर" म्हणणाऱ्या. दवाखाना आता त्यांचा होणार होता. रविवारी जुने पेशंट जमवायचे, सरांनी दोन शब्द बोलायचे आणि किल्ल्या द्यायच्या, असा त्यांचा बेत. बाबांनी कागदावर लिहून अक्कूच्या हातात दिलं: "मी येणार नाही. किल्ल्या तू दे."

"पाटी नीट केली तर याल?" अक्कूनं विचारलं.

बाबांनी कागद तिच्या हातून परत घेतला. मग लिहिलं, "तर बघू." त्या दोन शब्दांवर अक्कूचा जीव टांगणीला लागला. या रविवारी ते गेले नाहीत तर पुन्हा कधीच कुठं जाणार नाहीत, आणि पाटी जन्मभर पालथी राहील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

आता दुखण्याची गंमत बघा. पाटीत अक्कूचं काम कोणतं? आवाजाचं नाही, पडद्याचं नाही. पाटीच्या पोटात एक प्रोसेसर असतो, त्यात चार कोअर. चार डोकी म्हणा हवं तर. पाटीला एका वेळी शेकडो कामं असतात: बोट कुठं लागलं बघ, बॅटरी किती उरली बघ, शब्द बोल. कुठलं काम कुठल्या डोक्यानं कधी करायचं हे ठरवतो तो शेड्युलर, आणि तो लिहिलेला अक्कूनं. ऑफिसात सगळ्यांना कामावरूनच हाक मारायची पद्धत. कोणी आवाजवाला, कोणी पडदेवाला, एक बॅटरीवाली, आणि अक्कू वाटपवाली. तिच्या वाटपाचा एकच बाणा होता: एकही डोकं रिकामं बसता कामा नये. एखादं काम खोळंबलं की जो कोअर मोकळा दिसेल तिकडं त्याला धाडायचं. या गोष्टीचा तिला इतका अभिमान होता, की नव्या माणसाला चहा पाजायच्या आधी ती तेवढं सांगून टाकायची.

ऑफिसात तिनं पाटीच्या आतल्या हालचालींची नोंद स्क्रीनवर लावली. चार कोअरचे चार पट्टे, आणि त्यांवर बाबांच्या आवाजाचा हिरवा तुकडा. तो तुकडा इथून तिथं, तिथून आणखी कुठं, टुणटुण उड्या मारत होता. अक्कूनं ते बघितलं आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. तुम्ही म्हणाल, कसं दिसलं नाही? अहो, आपल्या पोराला आपण वळण म्हणून जे लावलं तेच त्याचं दुखणं असेल, असं कुठल्या आईला वाटतं? मोकळी जागा दिसली, काम तिकडं गेलं, शहाणं पोर. ती दोष दुसरीकडंच शोधत बसली. आवाजवाल्याशी तिचं वाजलंही. तो म्हणाला, "माझा आवाज ठणठणीत आहे. तुझ्या वाटपातच काहीतरी पाणी मुरतंय." अक्कूला त्याचा असा राग आला, की दुपारचा चहा तिनं एकटीनं घेतला.

दुसऱ्या दिवशी आईनं फर्मान काढलं: दवाखान्यातली बाबांची पुस्तकं रविवारच्या आत घरी आली पाहिजेत. अक्कू बाबांना घेऊन गेली. दवाखान्यात खुर्च्या दोन, एक खिडकीजवळ, एक भिंतीजवळ. खिडकीतून रस्त्यापलीकडचं झाड दिसतं, त्यामुळे जो येतो त्याला तीच खुर्ची हवी. भिंतीजवळची आपली धूळ खात असते. त्या वेळी खिडकीच्या खुर्चीत एक गृहस्थ होते. दाढ कोरून झालेली, तोंडात कापूस, सिमेंट भरायची तेवढी वाट. तेवढ्यात एक बाई आल्या आणि त्यांनीही खिडकीचाच हट्ट धरला. डॉक्टरीणबाई पडल्या भिडस्त. त्या गृहस्थांना म्हणाल्या, "तुम्ही त्या खुर्चीत बसता का? ती रिकामीच आहे. तिथं भरून देते." गृहस्थ बिचारे आ वासलेल्या अवस्थेत अर्धे उठले.

पुस्तकांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या बाबांनी तळहात ट्रेवर जोरात आपटला. हत्यारं खणखणली, सगळे दचकले. आवाज नसला म्हणून काय झालं, दवाखाना अजून त्यांचाच होता. त्यांनी एकेक गोष्ट बोटानं दाखवली: ट्रे इथं, आरसा इथं, कालवलेलं सिमेंट इथं, दिवा याच दाढेवर रोखलेला, खुर्ची याच माणसाच्या उंचीला लावलेली. मग भिंतीजवळच्या खुर्चीकडं बोट केलं. तिथला ट्रे रिकामा, दिवा बंद. बाबांनी दोन्ही हात पसरले, म्हणजे करा आता काय करायचं ते.

डॉक्टरीणबाईंनी जीभ चावली. "चुकलं सर. माणूस हलवला की सगळा संसार हलवावा लागतो, आणि तोवर सिमेंट वाळून जातं."

अक्कू दारात पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तो तिनं तसाच जमिनीवर ठेवला. तिचं डोकं लख्ख उघडलं होतं. बाबांचा आवाज एका कोअरवर बोलायला बसतो. पुढचे शब्द, त्यांचे ध्वनी, सगळं त्या कोअरच्या हाताशी मांडलं जातं. आणि वाक्य अर्ध्यात असताना ती त्याला उठवते, का, तर पलीकडची खुर्ची रिकामी आहे. तिथं गेलं तर ट्रे रिकामा. पुन्हा सगळं मांडा. तेवढ्यात विनोदाचं सिमेंट वाळतं. म्हणजे बाबांना तोतरं करणारी दुसरी कोणी नव्हती, ती स्वतःच होती. तिला रडावं की धावत ऑफिसला जावं कळेना. ती ऑफिसला गेली.

आवाजाचं काम तिनं एका कोअरला खिळवून टाकलं. याला ते लोक पिन करणं म्हणतात. एकदा पिन केलं की शेड्युलरलाही ते हलवता येत नाही. कोअरची मोजणी शून्यापासून होते, तिनं शेवटचा निवडला, तीन नंबर. एक तयार वाक्य बोलायला लावलं. पाटी खळखळून बोलली, एकदाही न थांबता. आणखी वाक्यं, आणखी. कुठं माशी शिंकली नाही. अक्कूनं आवाजवाल्याला चहा आणून दिला, म्हणजे माफी मागून झाली.

घरी आल्या आल्या तिनं पाटी बाबांपुढं ठेवली. आईनं रेडिओ बंद केला. बाबांनी टाइप केलं, बटण दाबलं. पाटी म्हणाली, "अक्कू, आज चहा तुझ्या..." आणि थांबली. पूर्वी अडखळायची तशी नाही, चक्क गप्प झाली. आईनं बाबांकडं बघितलं, बाबांनी पाटीकडं. मग कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, शब्दावर शब्द चढून, काही म्हणता काही कळेना.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाटी अलगद अक्कूच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या डोक्यावर थोपटलं. दाढ काढायच्या आधी रडणाऱ्या मुलांना ते असंच थोपटायचे.

बाबा आत गेल्यावर आई म्हणाली, "नसेल जमत तर राहू दे गं. त्यांना उगाच आशा लावू नकोस. मला ते बघवत नाही."

"ऑफिसात चालत होतं, आई."

"मग ऑफिसातच ठेव तिला," आई म्हणाली, आणि लगेच तिलाच वाईट वाटलं, म्हणून तिनं अक्कूच्या पुढ्यात गरम चहा ठेवला.

चहा पिताना अक्कूनं डोळ्यांपुढं सगळं पुन्हा आणलं. ऑफिसात पाटी चार्जरला लावलेली होती आणि तयार वाक्य बोलत होती, पडद्याला कोणी हात लावत नव्हतं. बाबांनी काय केलं? पाटी हातात, चार्जर नाही. आणि पाटी पहिलं वाक्य बोलत असतानाच ते दुसरं टाइप करत होते. करणारच. आयुष्यभर हात आणि जीभ एकाच वेळी चालवलेला माणूस, तो पाटी बोलून संपायची वाट बघत हात बांधून बसेल होय?

सकाळी ऑफिसात तिनं पाटीची वायर उपसली आणि बाबांसारखं केलं, बोलता बोलता टाइप. मग स्क्रीनवर बघितलं आणि कपाळाला हात लावला. शून्य, एक, दोन हे तिघं जांभया देत होते, आणि तीन नंबरवर ही गर्दी. तिनं सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

"तीन नंबरवर कोणी कोणी काम पिन केलंय?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग पडदेवाला खुर्ची गोल फिरवत म्हणाला, "माझं एक आहे. बारीकसं. बोट कुठं लागलं तेवढं ओळखतं."

"कधीपासून?"

"तात्पुरतं केलं होतं."

"तात्पुरतं म्हणजे?"

"आधीची पाटी निघाली ना, तेव्हा."

बॅटरीवालीनं घसा साफ केला. "माझंही आहे. पण ते झोपलेलंच असतं बिचारं. चार्जर काढला की मगच उठतं." आवाजवाल्यानं नजर चहाच्या कपात बुडवली. "स्पीकरचं एक मी टाकलंय," तो म्हणाला, "पण त्याचा कोणाला त्रास नाही."

"वाटपवालीला विचारल्याशिवाय पिन करायचं नाही, असं आपलं ठरलं होतं ना? आणि सगळ्यांना तीनच का सापडला?"

"शून्यावर सगळेच जातात," पडदेवाला म्हणाला. "हा म्हटलं शेवटचा, कोपऱ्यातला. इकडं कोण मरायला येतंय."

"मलाही तसंच वाटलं," बॅटरीवाली म्हणाली. आवाजवाल्यानं नुसतीच मान हलवली.

अक्कूला चिडायचं होतं, पण चिडणार कोणत्या तोंडानं? तिनंही काल तेच केलं होतं, कोणाला न विचारता, शेवटचा म्हणून. एवढी शिकलेली माणसं, आणि प्रत्येकानं स्वतंत्र डोकं चालवून तीच खुर्ची पकडली होती. तिला हसू फुटलं ते आवरेना. मग तिनं त्यांना दवाखान्यातल्या खिडकीची गोष्ट सांगितली, आणि म्हणाली, "गर्दी मला दिसते, पण पिन केलेलं काम मला हलवता येत नाही. माझे हात तुम्ही बांधलेत. काल चौथी गाठ मीच मारली. सगळ्या पिना काढा."

"काढू," आवाजवाला म्हणाला, "पण मग बाबांचा आवाज पुन्हा उड्या मारेल त्याचं काय?"

ते खरंच होतं. मोकळं सोडलं तर भटकतो, बांधलं तर गुदमरतो. अक्कू दिवसभर त्यावर बसली, आणि तिच्या हातून जे उतरलं ते असं: आवाजाला बांधायचं नाही, त्याला ओढ लावायची. तो जिथं बोलत होता, जिथं त्याचं सगळं मांडलेलं आहे, तिकडंच त्यानं आधी वळायचं. तिथं कोणी बसलेलं असेल तर क्षणभर थांबायचं, लगेच दुसरीकडं पळायचं नाही. आणि बसलेल्यांपैकी ज्यांचं काही मांडलेलं नाही त्यांनी उठून त्याला जागा द्यायची. खरोखर नाइलाज झाला तरच आवाजानं दुसरं घर बघायचं. एकही डोकं रिकामं बसू नये हा तिचा जुना बाणा यात थोडा वाकला. एखादा कोअर क्षणभर रिकामा बसला तर बसू दे, असं तिनं पहिल्यांदाच लिहिलं. लिहिताना बोटं जरा अडली, पण तिनं लिहिलं.

बॅटरीवाली तिच्या खांद्यावरून वाचत होती. "हे आपल्या घरांसारखंच झालं की," ती म्हणाली. "दाराला कुलूप नाही, पण माणूस संध्याकाळी येतो बरोबर."

शनिवारी अक्कूनं पाटी बाबांच्या हातात दिली. या वेळी चालेल असं म्हणायचं तिला धाडसच नव्हतं. बाबांनी पाटी घेतली, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आईनं रेडिओचा आवाज कमी केला, मग बंदच केला. दाराआडून पाटीची पुटपुट ऐकू येत होती. शब्द कळत नव्हते, अडखळतात की नाही तेही कळत नव्हतं, पण आई दाराशेजारी स्टूल घेऊन बसली ती उठली नाही. जेवायच्या वेळी बाबा बाहेर आले. काही सांगितलं नाही. अक्कूनंही विचारलं नाही. घास मात्र तिच्या तोंडात फिरत राहिला.

रविवारी सकाळी बाबांनी कोट घातला. पाटी काखेत धरली आणि चपला घालून सगळ्यांच्या आधी दाराबाहेर उभे राहिले.

दवाखाना माणसांनी भरला होता. दोन्ही खुर्च्यांवर माणसं, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं. अक्कू आणि आई मागं बसल्या, पुढं पोस्टमास्तरांचं भलंमोठं डोकं. बाबा ट्रेजवळ उभे राहिले आणि पाटी ट्रेवर ठेवली. अक्कूनं आईचा हात घट्ट धरला.

"नमस्कार," पाटी म्हणाली. "आज कोणाची दाढ काढणार नाही, तेव्हा तोंडं मिटून बसा."

लोक हसले. अक्कू हसली नाही, ती मोजत होती. कुठं तुटलं नाही.

"या दवाखान्यात मी आयुष्यभर बोललो आणि तुम्ही शांतपणे ऐकलंत. दुसरं करणार काय, तोंडात कापूस होता."

"अगदी खरं बोललात, डॉक्टर," पोस्टमास्तर पुढून गरजले.

बाबांची बोटं हललेली दिसलीसुद्धा नाहीत. "मास्तर, कवळी हलतेय," पाटी म्हणाली.

आता मात्र छप्पर उडालं. पोस्टमास्तर गडगडाटी हसले, मांडीवर थाप मारून, डोळे पुसत हसले. हे ते कीव करणारं हसू नव्हतं. अक्कूला ते कानांनी नाही, पोटातून कळलं.

"तुम्हाला मला उलट उत्तर द्यायचं असायचं," पाटी पुढं म्हणाली. "ते तुमच्या डोळ्यांत दिसायचं. मी मनात म्हणायचो, एक दिवस यांची वेळ येईल. आणि आली. माझा आवाज गेला. आता डॉक्टर गप्प, आणि बोलणार तुम्ही."

आणि पाटी थांबली.

अक्कू थिजली. खोलीत कोणी हलेना. डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते. पाटी गप्पच. कोणाचं काम येऊन बसलं मध्ये? बॅटरी? पडदा? स्पीकर? सगळ्या पिना काढल्या होत्या, मग कोण? बाबांना ही शांतता एकट्यानं सोसायला लागत होती, तीही भरल्या दवाखान्यात, तिनंच त्यांना तिथं उभं केलं होतं. तिनं आईचा हात सोडला आणि ती पुढं धावायला उठली. उठल्यावर तिला पोस्टमास्तरांच्या डोक्यावरून बाबा दिसले. त्यांचं एक बोट हवेत होतं, हिरव्या बटणाच्या वर, पूर्वी आरसा धरायचे तसं. ते लोकांच्या चेहऱ्यांकडं बघत होते, डोळे मिस्कील, अजिबात घाई नसलेले. मग बोट खाली आलं.

"पण तेवढ्यात आमच्या अक्कलदाढेनं पाटी दुरुस्त केली."

हसण्याचा असा लोट आला की खिडकीची काच थरथरली. टाळ्या सुरू झाल्या, डॉक्टरीणबाई हसता हसता रडायला लागल्या. अक्कू तशीच अर्धवट उठलेली, ना उभी ना बसलेली. टाळ्या ओसरल्यावर पाटी सगळ्यांदेखत तिला म्हणाली, "अक्कू, खाली बस. मघाशी पाटी नव्हती थांबली. मी थांबलो होतो."

अक्कू बसली आणि तिला रडू फुटलं. तिनं ते येऊ दिलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, नजर मात्र ट्रेपाशी. बाबांनी किल्ल्या खिशातून काढल्या होत्या, पण द्यायचं काही चिन्ह दिसेना. पाटीनं आता कुठल्याशा जुन्या पेशंटची गोष्ट सुरू केली होती, ती गोष्ट आईनं निदान शंभरदा ऐकलेली होती.

"अहो, पुरे आता," आई म्हणाली. त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.